दहा नंबरचा पाना

माझं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थाने माझ्या वडिलांना सांगितलं, "पोरगा विमानाचा इंजिनिअर हाय. आता पगार वीस हजार, परवाना भेटला का लाखाच्या वर." आमच्या सगळ्या गोताने त्यातलं 'लाखाच्या वर' तेवढं ऐकलं. 'परवाना भेटला का' हे कुणाच्याच कानात शिरलं नाही, माझ्याही नाही. आणि ते वीससुद्धा वीस नव्हते. मधली एजन्सी आपला वाटा कापून घ्यायची आणि रजतच्या हातात साडेसोळा पडायचे.

मी नवऱ्याचं नाव घेते म्हणून माझ्या सासूबाई, बेबीताई, नाक मुरडतात. समोर मी 'अवो'च म्हणते. पण लिहिताना पानभर 'अवो, अवो' कोण करत बसणार, म्हणून इथे रजतच.

तर रजत नागपूरला विमानाच्या हँगरमध्ये टेक्निशियन होता. विमान दुरुस्तीच्या धंद्यात दोनच जाती आहेत हे मला लग्नानंतर कळलं. ज्याच्याकडे परवाना आहे तो सही करतो आणि लाखात पगार घेतो. ज्याच्याकडे नाही तो विमानाखाली झोपून तेच काम करतो आणि एजन्सीकडून साडेसोळा घेतो. परवान्याला परीक्षेचे पेपर लागतात, ते रजतने सगळे काढले. त्याशिवाय हँगरमधल्या कामाचा अनुभव लागतो, तो दीड वर्ष कमी पडला, कारण मधेच लॉकडाऊन आलं, विमानं जमिनीवर उभी राहिली आणि एजन्सीने दोन ओळींच्या मेसेजवर चाळीस जणांना घरी पाठवलं. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा महिने झाले होते.

मी राळेगावात सासरीच होते, तेव्हापासून तोही इथेच. एसटी स्टँडच्या बाजूला रजतने गाळा घेतला. फवारणीचे पंप, विहिरीतल्या मोटारी, ट्रॅक्टर, जे येईल ते तो उघडतो. हाताला गुण आहे. हंगामात महिन्याला पस्तीस सुटतात, उन्हाळ्यात पंधरा. वर्षाची सरासरी काढली तर हँगरपेक्षा आम्ही इथे सुखात आहोत, आणि हे मी त्याला शंभरदा सांगितलंय. तो "हो" म्हणतो.

पण ते 'हो' कसलं असतं ते मला माहीत आहे. जेवताना वरून विमान गेलं की याचा घास हातात थांबतो. तो वर बघत नाही, नुसता ऐकतो, आणि मग जेवायला लागतो. आमची सुरभी साडेचार वर्षांची आहे. तिला झोपवताना तो गोष्टी सांगतो त्या हँगरच्याच. फरशी इतकी स्वच्छ की त्यावर जेवावं. विमानाच्या पोटाला पहिल्यांदा हात लावला तेव्हा ते थंडगार होतं, कारण ते नुकतंच वरून आलं होतं. हे तो अशा आवाजात सांगतो की पलीकडे भांडी घासता घासता मी नळ बंद करून ऐकत राहते. माझ्याबद्दल हा माणूस कुणाला कधी अशा आवाजात सांगत असेल का, असा विचार मनात येतो. विमानाची सवत झालेली बाई पंचक्रोशीत मीच असेन.

हँगरमधली एक सवय त्याने गाळ्यात आणली. भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा आहे. त्यावर एकतीस हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची लाल रेघ. हत्यार काढलं की त्या जागी एक वॉशर टांगायचा. त्या वॉशरवर सात नंबर ठोकलेला आहे. हँगरमध्ये रजतचा बिल्ला सात नंबरचा होता. संध्याकाळी तो फळ्यासमोर उभा राहून मोठ्याने एक ते एकतीस मोजतो आणि मगच शटर ओढतो.

"पाना जाग्यावर पाह्यजे, नाही त कोनापाशी हाय ते मालूम पाह्यजे," तो मला म्हणाला होता. "मालूम नसलेला पाना म्हंजे विमानात राह्यलेला पाना. तो भेटल्याबिगर विमान हँगरच्या बाहेर निघत नाही."

"इथं कोनतं विमान हाय?" मी म्हटलं.

"लोकाच्या मशिनी हायेत ना."

गिऱ्हाइकं त्याची टर उडवतात. "काय गा विमानवाल्या, पंप उडन का आता?" असं विचारतात. तो हसतो आणि मोजतच राहतो. मला मात्र त्याने एकदा दम दिला होता, की निकिता, काहीही ने, पण वॉशर टांगल्याशिवाय नेऊ नको. एरवी हा माणूस आवाज चढवत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पोळा झाला आणि दहा-बारा दिवसांनी ते पत्र आलं. नागपूरच्याच एका नव्या हँगरमध्ये टेक्निशियनची भरती. अनुभवी माणसाला चोवीस हजार, वय बत्तीसच्या आत. बुधवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. रजत एकतीस पूर्ण आहे. शिवाय त्याने काढलेल्या पेपरांना मुदत असते, आणि त्यातल्या पहिल्या पेपरांची मुदत दोन वर्षांनी संपते. त्याच्या आत दीड वर्षाचा अनुभव भरला तर परवाना. नाही तर ते पेपर, ती फी, त्या रात्री, सगळं पाण्यात. हा हिशेब त्याने मला बोटांवर करून दाखवला आणि विचारलं, "काय करू वं?"

"तुमची मर्जी," मी म्हटलं.

पुढचे आठ दिवस तो रोज काही ना काही निमित्ताने तेच विचारत होता आणि मी तेच उत्तर देत होते. चोवीसातले सात खोलीला जाणार, तीन खाण्याला, आणि इथला गाळा बंद. हा आकडा मी तोंडाने बोलले नाही. त्याच्यामागचंही बोलले नाही. बेबीताई आपल्या मोकळ्या. "विमानाले हात लावून पोट भरते काय?" असं त्या चुलीपुढून ऐकवायच्या, आणि मी गप्प राहून भल्या सुनेचं पुण्य घ्यायची.

मंगळवारी दुपारी मी डबा घेऊन गाळ्यात गेले. रजत नव्हता. नानाजींच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स त्याने सकाळीच दुरुस्त करून बंद केला होता आणि तो चालवून बघायला दोघे झाडगावच्या रस्त्याला गेले होते. नानाजी म्हणजे त्याच रस्त्यावरचे कापूसवाले, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मी डबा ठेवला आणि फळ्याकडे पाहिलं. माझ्या शिलाई मशीनचा खालचा नट महिनाभर ढिला होता. पाय मारला की सगळं घर खडखडायचं. मी रोज सांगायची, हा रोज "करतो" म्हणायचा. अख्ख्या तालुक्याच्या मशिनी दुरुस्त, घरची तेवढी बाकी. मला राग आला. मी दहा नंबरचा पाना काढला, पिशवीत टाकला आणि घरी आले. वॉशर टांगायला मी खरंच विसरले.

नट आवळला. मशीन लोण्यासारखी चालायला लागली. पाना मी मशीनच्या खणात ठेवला, उद्या नेऊन देऊ म्हणून.

साडेसहाला फोन आला. "निकिता, दहा नंबरचा पाना पाह्यला का वं तू?"

"नाही बा," मी म्हटलं.

हे पहिलं 'नाही' भीतीचं होतं. वॉशर टांगला नव्हता, ओरडा बसेल म्हणून निघून गेलं. पण तो पुढे बोलला. "मंग नानाजीच्या गिअरबॉक्समधी राह्यला असन. एकतीसचे तीस भरून राह्यले. सकाळी जाऊन उघडाच लागन. त्याच्याबिगर मी नागपूरले जाऊ शकत नाही."

नागपूरची बस पहाटे सव्वापाचची. गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे अर्धा दिवस. मला सगळं एका क्षणात समजलं. खण माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी फोन कानाला लावून बसून राहिले आणि माझी जीभ हलली नाही. हे दुसरं गप्प राहणं भीतीचं नव्हतं. मला तो जायला नको होता.

आठला तो घरी आला तेव्हा मी मशीनवर त्याच्या पँटची उसवलेली पट्टी शिवत होते. मुलाखतीची पँट. नवऱ्याला अडवून ठेवायचं आणि त्याची पँटही शिवायची, असा माझा कारभार. तो दारात चपला न काढता थोडा वेळ उभा राहिला.

"नक्की नाही पाह्यला ना पाना?" त्याने विचारलं.

"कितीदा सांगू?" मी मान वर न करता म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

सकाळी पाचला त्याने कालचेच ऑइलचे कपडे घातले. इस्त्रीची पँट खुंटीवर होती. "येतो," म्हणाला आणि मोटारसायकल झाडगावकडे वळवली. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने स्टँडवरून नागपूर गाडीचा हॉर्न आला, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चांगलं हायसं वाटलं. मी चहा केला, सुरभीची वेणी घातली, गाणंसुद्धा गुणगुणले.

नऊ वाजले तेव्हा मात्र मी भाकरीचं ताट बाजूला सारलं. नऊला तिथे नावं पुकारत असतील, असं डोळ्यांपुढे यायला लागलं. कुणीतरी 'रजत' म्हणून पुकारेल, थांबेल, आणि पुढचं नाव घेईल. तिकडे हा विमानवाला झाडगावच्या शिवारात ऑइलमध्ये कोपरापर्यंत हात घालून माझ्या खणातला पाना शोधत असेल. त्याची पाच वर्षं मी माझ्या खणात कोंबली होती. मी पाना रुमालात गुंडाळला, सुरभीला सासूबाईंपाशी सोडलं आणि निघाले. ठरवलं होतं की त्याच्यापुढे ठेवायचा आणि काय ते ऐकून घ्यायचं.

गाळ्याला कुलूप होतं. मी किल्ली काढते आहे तोच समोर ट्रॅक्टर येऊन थांबला. वर नानाजी, मागे खताच्या गोण्या.

मी पाहतच राहिले. "नानाजी, ट्रॅक्टर चालू कसा? गिअरबॉक्स उघडला नाही का यायनं?"

"कायले उघडन?" नानाजी खाली उतरले. "सकाळीच आला. म्या म्हटलं काय झालं, त म्हने काही नाही, ट्रॅक्टर बिलकूल बरा हाय, बिनघोर चालवा. चहा पेला अन् धुऱ्यावर जाऊन बसला. चांगलं ऊन वर येईपावतर बसून होता. मी दोनदा हाका मारल्या." ते जरा जवळ आले. "भांडन झालं का वं पोरी तुमचं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. गिअरबॉक्समध्ये पाना असल्याची शंका जरी असती तरी रजतने तो ट्रॅक्टर बांधाच्या बाहेर काढू दिला नसता. नानाजींच्या हातापाया पडला असता, पण चालवू दिला नसता. म्हणजे त्याला माहीत होतं. पाना कुठे आहे हे तो कालपासून जाणत होता, आणि बस जाऊ देऊन तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसून राहिला होता.

अकराला तो आला. मी फळ्यासमोर स्टुलावर बसले होते. दहा नंबरची लाल रेघ रिकामी होती आणि पाना माझ्या मांडीवर होता. त्याने ते पाहिलं.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"मशीन वाजत नोती काल. तिचा नट दहाचाच हाय."

"मंग तोंडावर म्हनाले काहून नाही?"

"म्हनून काय झालं असतं? पाना घेतला असता अन् बसमधी बसलो असतो." तो शटरला टेकून उभा राहिला. "आठ दिवस इचारून राह्यलो तुले. तुमची मर्जी, तुमची मर्जी. काल पह्यल्यांदा तुवं मन दिसलं मले. मी जावं असं तुले वाटत नाही. तुह्या मनाबाहेर जाऊन मी तिथं काय करू?"

तो चिडला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. हे मात्र सहन झालं नाही आणि मी भर बाजारात, शटर उघडं असताना रडायला लागले. रडता रडता जे आठ दिवस बोलायचं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, पैशाचं सोडा, चोवीस काय अन् चौदा काय. मले भेव वाटते. तिथं गेले का तुमी सणावाराले येणारे पाव्हणे होऊन जान. पंपाच्या वासाचा माणूस माह्या ओळखीचा हाय, त्या चकचकीत फरशीवरचा मले मालूम नाही. तुमी तिथं असता तवा मी कुठीच नसते.

तो एक रिकामा डबा ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "मी तिथं साडेसोळा हजारात एका खोलीत पाच जन राहत होतो. कायच्यावर राहत होतो? फोनवर तू राळेगावचा पाऊस सांगे, बाजारात काय महाग झालं ते सांगे. त्याच्यावर." मग खाली बघत म्हणाला, "पन जा लागते वं मले. जीव तिथंच अडकून हाय. मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्याने हे असं सरळ म्हटलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ते पत्र द्या इकडे."

खरं सांगते, ते पत्र मी तोवर एकदाही नीट वाचलं नव्हतं. त्याने बोटांवर दाखवलं तेवढंच पाहिलं होतं. खाली दुसरी ओळ होती. गुरुवारी प्रशिक्षणार्थी टेक्निशियन, पंधरा हजार, वयाची अट तीच.

"हे काय हाय?"

"ते नव्या पोरायसाठी हाय. कोर्स करून निघालेल्या."

"तुमाले घेतीन का?"

"घेतीन. कमी पैशात अनुभवाचा माणूस कोनाले नको हाय?"

"अन् अनुभवात धरतात का हे?"

त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, "धरतात. पन पंधरा हजारात काय होते? खोली भाड्याचे गेले का..."

"जा," मी म्हटलं. "पंपाचे वॉशर, नळ्या, कार्बोरेटर साफ करनं, मले सगळं येते. पाच वर्षं पाहून राह्यली. मोटारी अन् ट्रॅक्टर रविवारी येऊन करा. मी सांगून राह्यली, जा."

महिन्याला नऊ हजारांचं नुकसान माझ्या एका 'नाही'ने झालं होतं, आणि बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत त्याला उभं राहायचं होतं. त्याने ते तोंडातून काढलं नाही. मी पाना उठून फळ्यावर टांगला. त्याने एक ते एकतीस मोजलं.

घरी सांगितलं तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं जाचं हाय त डबा कराले अगुदर सांगाचं ना." आणि पीठ मळायला बसल्या.

गुरुवारी पहाटे मी स्टँडवर गेले. त्याने इस्त्रीची पँट घातली होती. जाता जाता गाळ्याची त्याच्याकडची किल्लीही त्याने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "संध्याकाळी मोजल्याबिगर शटर ओढू नको." हा काय निरोप घ्यायचा प्रकार म्हणावा? बस वळली आणि मी तशीच उभी राहिले. लाल दिवे दिसेनासे झाल्यावर पावलं गाळ्याकडे वळवली.

दिवसभरात चार पंप आले. तीन केले, एक मला जमला नाही. संध्याकाळी फळ्यासमोर उभी राहिले आणि त्याच्यासारखंच मोठ्याने मोजायला लागले. तीस भरले. दहा नंबरच्या लाल रेघेत पाना नव्हता. तिथे सात नंबरचा वॉशर टांगलेला होता.

आधी मी चमकले, मग स्टुलावर बसले. पहाटे बसच्या आधी तो गाळ्यात येऊन गेला असणार. हँगरमध्ये बाहेरचं हत्यार नेऊ देत नाहीत, फाटकावरच काढून घेतात, हे त्यानेच मला सांगितलेलं आहे. तिथे त्याला त्या पान्याचा काडीचा उपयोग नाही. त्याने तो पिशवीत घालून नेला आणि माझ्यासाठी इथे वॉशर टांगून ठेवला.

आता पौष लागलाय. त्याला घेतलं. पंधरा हजार मिळतात, खोली चौघांत आहे, म्हणून त्यातले साडेआठ घरी येतात. तो एक रविवार सोडून एक येतो, मी ज्या मोटारी बाहेर काढून ठेवते त्या दुरुस्त करतो, हत्यारं जागच्या जागी टांगतो. पाना आणत नाही आणि मी मागत नाही. मला घरात दहाचा नट आवळायचा असला तर नानाजींकडून मागून आणते. ते म्हणतात, "नवा घेऊन घे वं, शंभराची गोष्ट हाय." मी घेत नाही.

सुरभी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर मोजते. तिने एकदा विचारलं, "आई, तो पाना हरपला का?" मी म्हटलं, "नाही वं, बाबापाशी हाय." मशीन पुन्हा थोडी वाजायला लागली आहे आणि तिच्या खडखडाटाकडे आता माझं लक्ष जात नाही. वरून विमान गेलं की मात्र माझाच घास थांबतो.

तीस हत्यारं आणि एक वॉशर. एकतीस. मग मी शटर ओढते.